५२ सेकंदांत नजर कुठे असावी?

पत्राचा सारांश : पत्रलेखक ६३ वर्षांचे निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षक आहेत. त्यांच्या गृहनिर्माण सोसायटीतील झेंडावंदनाची जबाबदारी गेली काही वर्षे त्यांच्याकडे आहे. गेल्या १५ ऑगस्टला राष्ट्रगीत सुरू असताना भाडेकरू कुटुंबातला साधारण सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा सरळ उभा होता, पण गात नव्हता. राष्ट्रगीत संपताच पत्रलेखकांनी त्याला सर्वांसमोर विचारले, "गाता येत नाही की गायचं नाही?" मुलगा म्हणाला, "नाही गायचं, काका." त्यावर ते रागाने म्हणाले, "मग या देशात राहायचं तरी कशाला?" कोणीतरी हा प्रसंग मोबाइलवर टिपला आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. तेव्हापासून ते कुटुंब सोसायटीच्या एकाही कार्यक्रमाला खाली उतरलेले नाही. पत्रलेखकांची मुलगी म्हणते, माफी मागा. पत्नी म्हणते, झाले ते झाले, आता विषय काढू नका. २६ जानेवारीचा कार्यक्रम पुन्हा त्यांच्याकडेच आला आहे. ते विचारतात : माझे चुकले काय? माफी मागितली, तर राष्ट्रगीत न गाणे योग्यच आहे असे मी मान्य केल्यासारखे होणार नाही काय? आणि तो मुलगा पुन्हा गप्प उभा राहिला, तर मी काय करावे?

सप्रेम नमस्कार,

तुमचे पत्र मी तीन वेळा वाचले. तीस वर्षांहून अधिक काळ तुम्ही मुलांना रांगेत उभे राहायला, खांदे सरळ ठेवायला आणि ध्वजाकडे पाहायला शिकवलेत, आणि राष्ट्रगीताची पहिली ओळ कानावर पडली की आजही तुमच्या अंगावर काटा येतो, असे तुम्ही लिहिले आहे. त्यातल्या एकाही शब्दावर माझा अविश्वास नाही. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी आडवळणाने देणार नाही, कारण इतक्या प्रांजळपणे लिहिणाऱ्या माणसाला गुळमुळीत उत्तर देणे हा त्याचा अनादर ठरेल. होय, तुमचे चुकले. मात्र जिथे चुकले असे तुमच्या मुलीला वाटते, ती चुकीची एक बाजू आहे, आणि मला जी अधिक महत्त्वाची वाटते ती दुसरी आहे.

आधी कायद्याचे पाहू, कारण तो मुलगा कायदा मोडत होता अशी तुमची ठाम समजूत आहे आणि पत्रात तुम्ही १९७१ च्या कायद्याचा उल्लेखही केला आहे. राष्ट्रप्रतिष्ठा अपमान प्रतिबंध अधिनियमाच्या कलम ३ नुसार, जो हेतुपुरस्सर राष्ट्रगीत गाण्यास प्रतिबंध करील किंवा राष्ट्रगीत गाणाऱ्या समुदायात व्यत्यय आणील, त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. स्वतः न गाणारा या शब्दांत कुठे बसतो? गृह मंत्रालयाच्या सूचनांतही राष्ट्रगीत गायले किंवा वाजवले जात असताना श्रोत्यांनी सावधान स्थितीत उभे राहावे, असे म्हटले आहे, आणि तो मुलगा तर उभा होता. संविधानाच्या अनुच्छेद ५१-क मध्ये राष्ट्रध्वज आणि राष्ट्रगीत यांचा आदर करणे हे नागरिकाचे पहिल्या क्रमांकाचे मूलभूत कर्तव्य सांगितले आहे, हेही खरे. मात्र हे कर्तव्य आदराचे आहे, आणि आदर ओठांच्या हालचालीवरून मोजावा असे तिथे लिहिलेले नाही.

हा प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे फार पूर्वी आला होता, आणि तो निकाल प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असायला हवा असे मला कळकळीने वाटते. केरळमधल्या एका शाळेत यहोवाज विटनेसेस या ख्रिस्ती पंथातली तीन भावंडे शिकत होती. राष्ट्रगीताच्या वेळी ती रोज आदराने उभी राहत, पण त्यांच्या श्रद्धेत बसत नाही म्हणून गात नसत. जुलै १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढण्यात आले. ऑगस्ट १९८६ मध्ये न्या. ओ. चिन्नप्पा रेड्डी आणि न्या. एम. एम. दत्त यांच्या खंडपीठाने निकाल दिला की आदराने उभे राहून न गाणे हा राष्ट्रगीताचा अनादर नाही, आणि त्या मुलांना शाळेत परत घेण्याचा आदेश दिला. राष्ट्रगीत गायलाच हवे अशी सक्ती करणारी कोणतीही कायदेशीर तरतूद नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. आपली परंपरा सहिष्णुता शिकवते, आपले तत्त्वज्ञान तिचा उपदेश करते आणि आपले संविधान ती आचरते, ती आपण पातळ होऊ देऊ नये, अशा आशयाच्या वाक्यांनी ते निकालपत्र संपते. तुमच्या सोसायटीतला मुलगा त्या पंथाचा आहे की नाही, मला माहीत नाही. एखाद्या मुलाला श्रद्धेचे कारण असेल, एखाद्याला अपमानाची जुनी आठवण असेल, एखाद्याचा आवाज फुटत असेल आणि त्याला चारचौघांत तोंड उघडण्याची लाज वाटत असेल. तुमच्या चार पानी पत्रात त्या मुलाने का गायले नाही, हे कुठेही नाही, कारण ते तुम्ही त्याला विचारलेच नाही. तुम्ही विचारले ते प्रश्नचिन्ह लावलेले आरोपपत्र होते.

तरीही कायदा बाजूला ठेवू. तुमचे दुःख कायद्याचे नाही, ते भावनेचे आहे. ज्याच्या ओठांवर राष्ट्रगीत नाही त्याच्या मनातही देश नाही, असे तुम्ही गृहीत धरले आहे. इतकी वर्षे मुलांमध्ये वावरलेल्या शिक्षकाला मी हे काय सांगावे? खड्या आवाजात गाणारी आणि "जय हे" संपायच्या आत रांगेत कोपर मारणारी मुले तुम्ही शेकड्यांनी पाहिली असतील. मागच्या ओळीत ओठ न हलवता उभी राहणारी, आणि पुढे सैन्यात, इस्पितळात, एखाद्या आडगावच्या शाळेत आयुष्य घालवणारी मुलेही तुमच्या हाताखालून गेली असतील. बाहेरून ऐकू येते त्यावरून आतले ओळखण्याची घाई तुम्ही वर्गात केली नसती. १५ ऑगस्टला ती का झाली, याचा विचार करून पाहा. तो मुलगा भाडेकरूंचा नसून सोसायटीच्या अध्यक्षांचा असता, तर प्रश्न त्याच शब्दांत आणि त्याच जागी विचारला गेला असता काय? हे मी तुम्हाला कोंडीत पकडण्यासाठी विचारत नाही. उत्तर तुम्ही स्वतःलाच द्यायचे आहे.

"या देशात राहायचं तरी कशाला" हे वाक्य मला अधिक सलते. त्यात देश म्हणजे तुमचे घर आणि तो मुलगा तिथला पोटभाडेकरू, असा अर्थ आहे. ते कुटुंब त्या इमारतीत भाड्याने राहत असेल, या देशात नाही. इथे कोणाचा करार अकरा महिन्यांचा नसतो, आणि ५२ सेकंद गप्प राहिल्याने तो रद्दही होत नाही. ज्याला हे वाक्य ऐकवले जाते, त्याच्या मनात त्या क्षणापासून राष्ट्रगीत आणि अपमान यांची गाठ बसते. ज्या गीतावर तुमचा इतका जीव आहे, त्याच्याबाबतीत एका कोवळ्या मुलाच्या मनात अशी गाठ तुमच्या हातून बसावी, याचे मला तुमच्याइतकेच वाईट वाटते.

ते गीत स्वतः काय करते तेही पाहण्यासारखे आहे. रवींद्रनाथ टागोरांची ही रचना २७ डिसेंबर १९११ रोजी काँग्रेसच्या कलकत्ता अधिवेशनात प्रथम जाहीरपणे गायली गेली आणि २४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेत राष्ट्रगीत म्हणून स्वीकारली गेली. ते आधी लोकांचे आणि त्यांच्या मनाचे नाव घेते, आणि मग एकेक प्रांत उच्चारत जाते. फाळणीनंतर सिंध भारतात राहिला नाही, म्हणून तो शब्द गाळावा अशी मागणी झाली, ती सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये फेटाळली, आणि आजही आपण सिंधचे नाव घेतो. जमीन सीमेपलीकडे गेली तरी तिथून आलेली माणसे, त्यांची भाषा आणि त्यांची आठवण या गीतात राहिली. नावे गाळण्यापेक्षा नावे सामावून घेण्याकडे या गीताचा कल आहे. ज्या कवीने ते लिहिले, त्यांनी जालियनवाला बाग हत्याकांडानंतर १९१९ मध्ये सरकारने दिलेला 'सर' हा किताब परत करण्याचा निर्णय कळवला, आणि त्याआधी १९१६-१७ मध्ये जपान व अमेरिकेतल्या व्याख्यानांत राष्ट्रवादाच्या अतिरेकावर कठोर टीकाही केली होती. त्यांच्या ठायी देशावरचे प्रेम आणि देशाच्या नावाने होणाऱ्या सक्तीचा तिटकारा एकत्र नांदत होते. तुमच्याही ठायी ते नांदू शकतील.

आता माझ्या दृष्टीने मुख्य मुद्दा. 'सावधान' हा शब्द तुम्ही आयुष्यात हजारो वेळा उच्चारला असेल. स-अवधान, म्हणजे अवधानासह, लक्ष एकवटून. लग्नमंडपात तोच शब्द ऐकून समर्थ रामदास स्वतःविषयी सावध झाले आणि मंडपातून निघून गेले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्या कथेतले मर्म मला असे वाटते की सावधान हा शब्द ऐकणाऱ्याने स्वतःला लावून घ्यायचा असतो. १५ ऑगस्टला त्या ५२ सेकंदांत तुमचे अवधान कुठे होते? तुम्हाला त्या मुलाचे मिटलेले ओठ दिसले, याचा अर्थ तुमची नजर ध्वजावर नव्हती. कवायतीच्या मैदानावर तुम्ही मुलांकडे तोंड करून उभे राहत होता, कोण हलतो, कोण बोलतो हे पाहत होता, आणि शिक्षक म्हणून ते तुमचे कामच होते. सोसायटीच्या अंगणात मात्र तुम्ही शिक्षक नाही. तिथे तुम्ही इतरांसारखेच एक नागरिक आहात, आणि तुमचा आदर तुम्हाला स्वतःच्या शरीराने, स्वतःच्या आवाजाने वाहायचा आहे. तो वाहता वाहता दुसऱ्याचा मोजता येत नाही.

हेच आपण देश म्हणूनही एकदा अनुभवले आहे. ३० नोव्हेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक चित्रपटगृहात चित्रपटापूर्वी राष्ट्रगीत वाजवावे आणि उपस्थितांनी उभे राहावे, असा अंतरिम आदेश दिला. त्यापाठोपाठ काही चित्रपटगृहांत बसून राहिलेल्यांना दमदाटी आणि मारहाण झाल्याच्या बातम्या आल्या. ज्यांना उभे राहणे शक्य नाही अशा अपंग व्यक्तींना सवलत असल्याचे न्यायालयाला स्पष्ट करावे लागले. पुढे सुनावणीत न्या. धनंजय चंद्रचूड यांनी, देशभक्त ठरण्यासाठी लोकांना चित्रपटगृहात उभे राहावे लागू नये, असे मत व्यक्त केले, आणि ९ जानेवारी २०१८ रोजी ही सक्ती मागे घेण्यात आली. आता चित्रपटगृहाने राष्ट्रगीत वाजवावे की नाही हे ऐच्छिक आहे, मात्र वाजवले तर आदर राखणे आवश्यक आहे. त्या तेरा-साडेतेरा महिन्यांत पडद्यावरच्या ध्वजाकडे पाहण्याऐवजी शेजारच्या खुर्चीकडे पाहण्याची सवय अनेकांना लागली. तुम्हालाही ती नकळत लागली असेल, तर त्यात तुम्ही एकटे नाही.

तुमच्या काळजीतला खरा भाग मी नाकारत नाही. राष्ट्रगीत सुरू असताना फोनवर बोलणे, चालत राहणे, हसणे, मुलाला हाका मारणे हे होते आणि ते खटकायलाच हवे. ते इतरांच्या अवधानात व्यत्यय आणते. गप्प उभे राहणारा कोणाच्याही अवधानात व्यत्यय आणत नाही. या दोन गोष्टी तुम्ही एकाच खात्यात टाकल्या, इतकेच. व्यत्ययाविषयी बोलायचेच असेल, तर ते राष्ट्रगीतापूर्वी, सर्वांना उद्देशून आणि कोणाकडे न पाहता बोलावे.

माफीविषयी तुम्हाला भीती वाटते की तिचा अर्थ न गाण्याला मान्यता असा होईल. पण माफी तुम्ही राष्ट्रगीताविषयीच्या तुमच्या मताबद्दल मागणार नाही. एका अल्पवयीन मुलाला चारचौघांत बोललात आणि त्याला देशाबाहेरचा ठरवलेत, त्याबद्दल मागणार आहात. मत तुमच्यापाशीच राहू द्या. पत्नी म्हणतात तसा विषय न काढण्याचा पर्याय मला पटत नाही, कारण विषय मिटलेला नाही, तो तीन मजले वर जाऊन दार लावून बसला आहे. मुलीचा सल्ला योग्य आहे, पण थेट झेंडावंदनाच्या दिवशी माइकवरून माफी मागावी असे ती म्हणत असेल, तर ते टाळा. त्याने मुलाला पुन्हा सर्वांच्या नजरेसमोर उभे केल्यासारखे होईल.

२६ जानेवारीच्या किमान आठवडाभर आधी त्यांच्या घरी जा, एकटे जा, आणि जाण्यापूर्वी फोन करून त्यांना सोयीची वेळ विचारा. आईवडिलांशी बोला, पण माफी मुलाकडे पाहून मागा. "त्या दिवशी मी तुला सगळ्यांसमोर जे बोललो ते चुकीचं होतं, मला तसं बोलायला नको होतं," इतकेच पुरे. त्याला 'पण' जोडू नका, आणि त्याने का गायले नाही हे त्या वेळीही विचारू नका. त्याला सांगावेसे वाटले तर तो सांगेल. कदाचित ते कुटुंब थंडपणे ऐकून घेईल, चहाही विचारणार नाही. तुम्ही तिथून समाधान घेऊन परतलात तर उत्तम, न घेता परतलात तरी तुमचे जाणे योग्यच होते. ग्रुपवरची ती चित्रफीत काढून टाकायला सचिवांना सांगा, आणि ग्रुपवर तुमच्या नावाने दोन ओळी लिहा की १५ ऑगस्टला मी एका मुलाला अनुचित शब्द वापरले, त्याबद्दल त्याच्याकडे दिलगिरी व्यक्त केली आहे. मुलाचे नाव लिहू नका. बोल सर्वांसमोर लावले होते, त्यामुळे ते मागे घेतल्याचेही सर्वांना कळायला हवे.

आता कार्यक्रमाविषयी. हे तुमच्यासारख्या इतर संयोजकांनाही उपयोगी पडावे म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे. ज्यांना गुडघ्यांचा किंवा इतर त्रास आहे अशांसाठी कडेला खुर्च्या मांडा, आणि ज्यांना उभे राहणे शक्य नाही त्यांनी बसून सावध राहावे, असे सुरुवातीलाच सांगा, म्हणजे कोणा आजींना धडपडत उठावे लागणार नाही आणि कोणी त्यांच्याकडे वळून पाहणार नाही. ध्वनिमुद्रित राष्ट्रगीत मोठ्या आवाजात लावण्यापेक्षा सर्वांनी मिळून गावे, कारण लाउडस्पीकरवरच्या सुरात अनेकांचा आवाज पोहोचत नाही आणि मग ते नुसतेच उभे राहतात. दोन जणांनी आदल्या संध्याकाळी सूर ठरवून घ्यावा, तो खालचा असावा, आणि शब्दांचे उच्चार एकदा म्हणून पाहावेत. 'उच्छल जलधि तरंग' हे तीन शब्द घाईत एकमेकांत मिसळतात, तेवढे सावकाश घ्यावेत. पूर्ण राष्ट्रगीताला सुमारे ५२ सेकंद लागतात, ते उगाच लांबवू नये. त्या वेळात चित्रीकरण करू नये, अशी विनंती मात्र आवर्जून करा. मोबाइल उंच धरून उभा असलेला माणूस सावधान नसतो, आणि मागच्या खेपेला त्याच मोबाइलने तुमच्या रागाला इमारतभर पोहोचवले. कार्यक्रम संपल्यावर मुलांच्या हातातले कागदी झेंडे जमिनीवर पडू देऊ नका, ते गोळा करून त्यांची योग्य विल्हेवाट लावण्याचे काम एखाद्याकडे सोपवा. ध्वजसंहितेचे हे साधे कलम आपल्याकडे सर्वांत जास्त मोडले जाते, आणि त्यावर रागावताना मी फारसे कोणाला पाहिलेले नाही.

याच विषयावर इतर काही वाचकांनीही विचारले आहे, त्यांनाही इथेच सांगते. माहितीपटात किंवा चित्रपटाचा भाग म्हणून राष्ट्रगीत आले, तर प्रेक्षकांनी उभे राहणे अपेक्षित नाही, कारण त्याने गोंधळच होतो. घरी दूरचित्रवाणीवर संचलन पाहताना उभे राहावे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. वडीलधाऱ्यांना उभे राहावेसे वाटले तर त्यांनी राहावे, मुलांनी ते पाहावे, आणि मुलांना हाताला धरून उठवू नये. दुसऱ्या देशाचे राष्ट्रगीत सुरू असताना आपणही तितक्याच शांतपणे उभे राहावे. शाळेत एखादे मूल गात नसेल, तर वर्गाबाहेर, एकटे असताना आणि आवाज न चढवता त्याच्याशी बोलावे, आणि त्याला शिक्षा करण्याचा विचार मनात आलाच, तर १९८६ चा तो निकाल आधी वाचावा.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. तो मुलगा आला आणि पुन्हा गप्प उभा राहिला, तर काय करावे? काहीही करू नका. त्याच्या हाती ध्वजाची दोरी देऊन किंवा त्याला पुढे बोलावून त्याची परीक्षाही घेऊ नका, मग तुमचा हेतू कितीही चांगला असो. या वेळी तुम्ही स्वतःची जागा बदला. लोकांकडे तोंड करून उभे राहण्याऐवजी पहिल्या रांगेच्या मधोमध, ध्वजाकडे तोंड आणि लोकांकडे पाठ करून उभे राहा. कोण गातो आहे आणि कोण नाही, हे तुम्हाला दिसणार नाही. मागून आवाजांचा एक समूह ऐकू येईल, त्यात तुमचाही असेल. शेवटचा 'जय हे' संपला की क्षणभर थांबा, 'विश्राम' म्हणा, मागे वळा, आणि ते कुटुंब आलेले असेल तर इतर शेजाऱ्यांना करता तसाच त्यांनाही मान झुकवून नमस्कार करा.